चौदाव्या पानावरचा परिच्छेद

शैलाताई,

तुमच्या शोकसभेत मी बोललो नाही. वक्त्यांच्या यादीत माझं नाव तिसरं होतं. "आता ताईंचे ऑफिसमधले सहकारी दोन शब्द बोलतील," असं इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी जाहीरही केलं, आणि मी जागेवरूनच हात जोडून नको म्हटलं. लोकांना वाटलं, मला भरून आलंय. तुमचे यजमान अनंतराव स्वतःचं दुःख बाजूला ठेवून माझ्याजवळ आले आणि खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. त्या हाताखाली मला बसवत नव्हतं. मला लाज वाटत होती, आणि लाजेचं भाषण त्या हॉलला शोभलं नसतं.

बाकी सभा रीतसर झाली. तुम्ही जपानमध्ये महाराष्ट्राचं नाव उज्ज्वल केलंत, असं दोघांनी सांगितलं. एका गृहस्थांनी तुम्हाला शांतिदूत करून टाकलं. आपल्या संस्थेचा शोकसंदेश वाचून दाखवला, त्यात 'शाश्वत शांततेच्या प्रक्रियेतलं मोलाचं योगदान' होतं. तो मसुदा माझाच. असले मसुदे मीच करतो आणि तुम्हीच ते मला वाचून दाखवून छळायचात. मागच्या रांगेत बसला असतात तर माझ्याकडे बघत हळूच विचारलं असतंत, "संपादक, मोलाचं म्हणजे साधारण किती?" तुमचा जन्म कुठला, शिक्षण काय, कोणत्या साली इकडे आलात, हे सगळं तिथे सांगून झालंय. मी ते पुन्हा लिहीत नाही.

मला सांगायचंय ते सभा सुरू व्हायच्या आधी, हॉलच्या बाहेर, सायकली लावतात तिथे घडलं. आपले विभागप्रमुख मोरिता-सान काळा टाय लावून उभे होते. मला बघून वाकले, मीही वाकलो. मग इकडेतिकडे बघत, जणू कुणाची खासगी गोष्ट विचारतोय अशा आवाजात, तुमच्या नावातल्या 'ल'चा नेहमीसारखा 'र' करत त्यांनी विचारलं, "शाइरा-सान यांनी अहवालातल्या चौदाव्या पानावरचा परिच्छेद मागे का घेतला, तुम्हाला काही बोलल्या होत्या का?"

तुम्ही तो मागे घेतला नव्हता, ताई. मी काढला होता.

हे तुम्हाला मी हॉस्पिटलमध्ये सांगणार होतो. त्यासाठीच आलो होतो आणि न सांगता परत गेलो. आता उशिरा का होईना, सगळं सांगतो.

आपली ओळखच भांडणातून झाली. निवडणुका झालेल्या पण अजून स्थिर न झालेल्या देशांना सल्ला, प्रशिक्षण आणि सामान पुरवायचं, हे आपल्या संस्थेचं काम. त्यातला एक देश तुमच्या-माझ्या वाट्याला आला. त्याचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथेच राहतायत. आपण दोघं त्याला नुसतं 'तिकडे' म्हणायचो. तुम्ही घरी फोनवर "तिकडे परत रस्ता बंद केलाय" म्हणालात की अनंतरावांना वाटायचं, साताऱ्याकडचं काहीतरी चाललंय.

तिकडच्या निवडणूक अधिकाऱ्यांची तुकडी प्रशिक्षणाला टोकियोत आली होती आणि एका सत्रासाठी संस्थेने तुम्हाला बोलावलं होतं. सातारा जिल्ह्यातल्या झेडपी शाळेतल्या शिक्षिका, नवऱ्याच्या संशोधनामुळे इकडे आलेल्या, आणि अनुभव काय, तर मतदान केंद्राध्यक्ष म्हणून केलेल्या ड्यूट्या. मी तुमचा परिचय तयार करताना 'तळागाळातील निवडणूक व्यवस्थापन तज्ज्ञ' असं लिहिलं होतं. तुम्ही कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानातून मागून आणलेला एक पुठ्ठ्याचा खोका घेऊन आलात, आणि दीड तास त्या दहा अधिकाऱ्यांना खोका रिकामा दाखवणं, कागदाच्या पट्ट्या चिकटवणं, पट्टीवर प्रत्येक पक्षाच्या एजंटची सही घेणं, एवढंच करायला लावलंत. मी दारात उभा राहून बघत होतो. मला ते हस्तकलेच्या तासासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी एक टिपण पाठवलं, की पुढच्या वेळी आशय अधिक धोरणात्मक असावा.

तुम्ही ते टिपण हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आलात. "तुम्ही कधी इलेक्शन ड्यूटीवर बसलात का हो?"

नाही म्हटलं.

"मतदान किती वेळा केलंत?"

दोनदा, म्हटलं.

"पुण्याचे ना? तरीच. मतं भरपूर, मतदान दोनदा."

पुढे संस्थेने तुम्हाला ठेवूनच घेतलं, आठवड्याभरात तुमच्या तोंडी माझ्यासाठी 'तुम्ही'चं 'तू' झालं आणि माझं नाव 'संपादक' पडलं. ऑफिसात मला नावाने हाक मारणारी बरीच माणसं आहेत. संपादक म्हणणारं आता कुणी नाही.

पाटण तालुक्यातल्या वाडीवरच्या म्हातारबाची गोष्ट तुम्ही मला संध्याकाळी स्टेशनवरून घरी चालत जाताना सांगितलीत. एका पडेल उमेदवाराचा एजंट. सकाळपासून केंद्रावर बसून होता, सही नीट येत नव्हती, प्रत्येक मतदाराच्या तोंडाकडे बघत होता. मतदान संपलं, यंत्राला सील लागलं, सामान न्यायला गाडी आली, झोनल अधिकारी घाई करायला लागले. किती मतं पडली त्याचा सही केलेला कागद प्रत्येक एजंटला द्यायचा असतो. तुमच्याकडचे छापील नमुने संपले होते. इतर एजंट म्हणाले, राहू द्या बाई. म्हातारबा हलेना.

"रिकाम्या हातानं गेलो तर वाडीला काय दावू, बाई? दिसभर हितं बसलोतो म्हनून कोन मानंल?"

झोनल अधिकाऱ्यांचं बोलणं खात तुम्ही वहीचं पान फाडून हाताने नमुना आखलात, आकडे भरलेत, सही केलीत, शिक्का मारलात. त्याने घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. त्याचा उमेदवार सपाटून हरणार हे त्यालाही माहीत होतं. तुमचं म्हणणं होतं की जिंकणाऱ्याचं घरी स्वागत होतंच, त्याची काळजी करायला नको. हरलेल्या माणसाला मात्र घरच्यांसमोर उभं राहायला हातात काहीतरी लागतं, आणि कागद पुरतो.

मी तेव्हा म्हटलं होतं की देश वहीच्या पानांवर उभे राहत नाहीत. तुम्ही विचारलंत, "मग कशावर राहतात? तुझ्या अहवालांवर?"

या वादाचा निकाल कधीच लागला नाही. माझं म्हणणं असं होतं, आणि अजूनही बरंचसं आहे, की आपला हा सगळा उद्योग म्हणजे समारंभ. शांततेची 'उभारणी' करतात, तिचे 'आधारस्तंभ' असतात, तिचा 'आराखडा' असतो. ऐकणाऱ्याला वाटावं, महिन्याभरात वास्तुशांत आहे. दोन झेंड्यांच्या जोड-पिना कोटाला लावलेली माणसं येतात, फोटो काढतात आणि तिकडच्या एखाद्या खोऱ्यातला माणूस अंधारात असतो तिथेच राहतो. तुम्ही यातलं काहीच नाकारत नसायचात. फक्त म्हणायचात की मी सीलवरची सही आणि कोटावरची पिन एकाच डब्यात टाकतो, आणि कचरा वेगळा करायला न शिकलेल्या माणसाने या देशात राहू नये.

एका रविवारी सकाळी सात वाजता तुम्ही मला शाळेच्या फाटकाबाहेर उभं केलंत, ते यासाठीच. वॉर्डाची निवडणूक होती. आपल्याला इथे मताचा हक्क नाही. आत जायचंही कारण नव्हतं. तुमच्या शेजारच्या ओगावा-सान, कमरेत वाकलेल्या, पहाटेपासून रांगेत पहिल्या उभ्या होत्या. इथे पहिल्या मतदाराला पेटी उघडून रिकामी असल्याचं दाखवतात आणि मग कुलूप लावतात. त्या पहिल्या नंबरासाठी ओगावा-सान दर निवडणुकीला लवकर उठायच्या. दहा मिनिटांनी बाहेर आल्या. तुम्ही विचारलंत, कशी होती.

"रिकामी होती," त्या म्हणाल्या. नातवाचा निकाल सांगावा तशा.

मला हसू आलं. परत येताना मी विचारलं, ज्या देशात कुणी पेटीत आधीच चिठ्ठ्या भरून ठेवत नाही, तिथे हे बघण्यात काय अर्थ आहे. तुम्ही म्हणालात, बघतात म्हणून भरत नाहीत, की भरत नाहीत तरी बघतात, हे तुलाही माहीत नाही आणि मलाही. तोवर बघू दे की बाईला. यावर नंतर मला बरीच उत्तरं सुचली, पण तुमच्यासमोर एकही टिकलं नसतं.

आणि मग टॅबलेट आले.

तिकडच्या निवडणुकीसाठी आपण टॅबलेट द्यायचं ठरलं. मोजणी तिकडे केंद्रावरच होते. आकडे टॅबलेटमध्ये भरायचे, ते थेट राजधानीत पोचणार. हॉटेलच्या हॉलमध्ये हस्तांतरणाचा सोहळा झाला. दोन मोठ्या माणसांनी दारापेक्षा मोठा पुठ्ठ्याचा टॅबलेट दोन्ही बाजूंनी धरला होता, कारण खरा टॅबलेट फोटोत दिसत नाही. कार्यक्रमपत्रिकेत टाळ्या कुठे वाजवायच्या तेही छापलेलं होतं. मला तो दिवस म्हणजे मेजवानी होती. मी मनात वाक्यं जुळवत होतो. तुम्ही मात्र भिंतीशी उभ्या असलेल्या कंपनीच्या इंजिनियरपाशी गेलात आणि विचारलंत, याला प्रिंटर आहे का. तो अदबीने म्हणाला, पुढच्या आवृत्तीत विचार करता येईल. तुम्ही विचारलंत, मग एजंटला कागद कसा द्यायचा. तो आणखी अदबीने म्हणाला की निकाल सगळ्यांना वेबसाइटवर दिसेल. तुम्ही मान डोलावलीत आणि येऊन खुर्चीत बसलात. त्या सोहळ्याचं प्रसिद्धिपत्रक मी लिहिलं. 'पारदर्शक' हा शब्द तीनदा आला.

निवडणूक झाली. निकाल त्याच दिवशी लागला, अभिनंदनाचे संदेश आले. महिन्याभराने तुम्हाला एलियासचा फोन आला. तुमच्या पहिल्या तुकडीतला तो बुटका अधिकारी, ज्याने पुठ्ठ्याच्या खोक्यावर सगळ्यात सरळ पट्टी चिकटवली होती. त्याच्या खोऱ्यात हरलेल्या बाजूच्या लोकांनी रस्ता अडवला होता. बाजार बंद, शाळा बंद, पुलावर दगड. कुणी मेलं नाही, त्यामुळे बातमी झाली नाही. एलियास त्यांच्याशी बोलायला गेला तेव्हा त्यांनी एकच गोष्ट सांगितली. पूर्वी हरलो तरी सही केलेला कागद घेऊन यायचो, गावात चार माणसं तो वाचायची आणि गप्प बसायची. या वेळी केंद्रावरच्या पोरीने टॅबलेटच्या काचेवर बोट फिरवलं आणि म्हणाली, झालं, जा. खोऱ्यात वेबसाइट दिसत नाही. आम्ही हरलो हे आम्हाला कुणी सांगितलं?

तुम्ही तेव्हा आजारी होतात. तुम्हाला माहीत होतं, मला नव्हतं. सुट्टी का घेता विचारल्यावर दाताचं काम सांगितलंत. त्या काळात तुम्ही संस्थेच्या अहवालासाठी तो परिच्छेद लिहिलात. चार वाक्यं, तुमच्या त्या सरळ, शाळेतल्या इंग्रजीत. मराठीत सांगायचं तर: 'मोजणीनंतर एजंटना निकालाची सही केलेली प्रत मिळाली नाही. टॅबलेटमधून कागद निघत नव्हता आणि कागदी नमुने पाठवणं आम्ही बंद केलं होतं. खोऱ्यातली अडचण आमच्या मदतीमुळे झाली. हा प्रश्न हस्तांतरणाच्या दिवशीच आमच्या लक्षात आला होता, आणि आम्ही खाली बसलो.'

मी म्हटलं, शेवटचं वाक्य अहवालात बसत नाही. तुम्ही म्हणालात, "त्या आम्हीमध्ये मीच आहे. मी विचारलं आणि बसले. ते लिहिल्याशिवाय वरची तीन वाक्यं लिहायचा मला हक्क नाही."

मसुदा बैठकीत आला. मोरिता-सान एकेक पान उलटत होते. चौदाव्या पानावर थांबले. वाचलं, पुन्हा वाचलं, चष्मा काढला, पुसला, लावला. काही बोलले नाहीत. आणि पान उलटलं.

इथे राहून आपण सगळे एक गोष्ट शिकतो, की न बोललेलं ऐकायचं. इथले लोक त्याला हवा वाचणं म्हणतात. नवीन आलेल्या आपल्या मुलांना मी हीच गोष्ट मोठ्या ऐटीत समजावतो. त्या दिवशी मी हवा वाचली. ती नाही म्हणाली. आपल्याला पैसे देणाऱ्या मंत्रालयाला हे आवडणार नाही, मोरिता-सानना नकार द्यावा लागेल, त्यांना अवघडेल, तुम्हाला लागेल. त्यापेक्षा कुणालाच काही बोलावं लागू नये. संध्याकाळी मी चार वाक्यं निवडली आणि काढली. त्याजागी लिहिलं, 'निकाल-संप्रेषणाच्या प्रक्रियेत अधिक सुधारणेस वाव आहे.' मला कुणीही सांगितलं नव्हतं. ज्या माणसाने सोहळ्यांची आयुष्यभर टिंगल केली, त्याने न सांगता, न मागता, सोहळ्याची बाजू घेतली.

आणि मोरिता-सान? सायकलींपाशी त्यांनी सांगितलं. तो परिच्छेद मंत्रालयापुढे कसा मांडायचा याचा ते विचार करत होते. दोन दिवस त्यांनी त्यावर घालवले. पुढच्या मसुद्यात तो दिसला नाही. त्यांना वाटलं, शाइरा-साननी विचार बदलला असेल, तब्येतही बरी नाही, विचारलं तर त्यांना संकोच वाटेल. म्हणून त्यांनी विचारलं नाही. आम्ही दोघांनीही एकमेकांची आणि तुमची काळजी घेतली, ताई, आणि त्या काळजीत एक खोरं बुडवलं.

तुम्हाला कळलं होतं. हॉस्पिटलमध्ये खिडकीपाशी तुमच्या टेबलावर नव्या मसुद्याची प्रत होती. मी तुमच्यासाठी मिकान संत्र्यांची जाळी आणली होती, तुम्हाला सोलायला जमत नव्हतं म्हणून मी सोलत होतो.

"चौदावं पान बारीक झालंय," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, जागेचा प्रश्न होता.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलाकडे बाई कशा बघतात ते मला माहीत होतं, पण तसं बघितलं नाहीत. थोडं थकून बघितलंत, इतकंच. मग म्हणालात, "शिरा काढून दे रे, घशात अडकतात." मी शिरा काढल्या. एकेक फोड तुम्ही सावकाश खाल्लीत. जाताना मी ठरवलं, गुरुवारी येईन तेव्हा सांगेन. बुधवारी अनंतरावांचा फोन आला.

मला तुम्ही रागावायला हवं होतं. माझे वडील पुण्यात वारले आणि मला विमान मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं, तेव्हा तुम्ही पिठलं-भाकरी घेऊन आमच्या उरायासुच्या घरी आलात. 'मोठा आधार गेला' वगैरे काही म्हणाला नाहीत. "वडील काय काम करायचे?" एवढं विचारलंत आणि मी वीज मंडळातल्या एका मीटर रीडरबद्दल दोन तास बोलत राहिलो, कोणत्या पेठेत कुठला कुत्रा चावायचा इथपर्यंत. माझ्या बायकोने नंतर सांगितलं की त्या दोन तासांत तुम्ही एकदाही घड्याळ बघितलं नाहीत. ती गोष्ट मी कधी बोलून दाखवली नाही. आभार मानले असते तर तुम्ही विचारलं असतंत, प्रसिद्धिपत्रक कधी काढतोस.

शोकसभेनंतर काही दिवस मी एवढ्याच गोष्टीभोवती फिरत होतो. तुमचा परिच्छेद कशाबद्दल होता? माणसाचं म्हणणं हरलं तर निदान त्याला तोंडावर सांगावं आणि सही करून द्यावं, याबद्दल. तो मी तुम्हाला न सांगता काढला. विचारलंत तर खोटं बोललो. तुम्ही दिवसभर बसला होतात, आणि मी तुम्हाला रिकाम्या हाताने घरी पाठवलं. खोऱ्यातल्या त्या पोरीला निदान माहीत नव्हतं. मला माहीत होतं. म्हातारबाची गोष्ट ऐकलेला या शहरात मी एकटा होतो.

तिकडे आता स्थानिक निवडणुका आहेत. टॅबलेट सगळ्या केंद्रांवर द्यायचे, असा प्रस्ताव आपल्याच अहवालाच्या आधाराने पुढे चालला होता. एलियासने मला फोन केला. तुम्ही गेल्याचं त्याला कळलं होतं. त्याने विचारलं, शैला मॅडमनी माझ्या खोऱ्याचं लिहिते म्हणून सांगितलं होतं, ते अहवालात कोणत्या पानावर आहे? लोकांना दाखवायचंय. मी म्हटलं, चौदाव्या. मग फोन ठेवला आणि मोरिता-सानच्या खोलीत गेलो.

त्यांना उभ्यानेच सांगितलं, की परिच्छेद शैलाताईंनी मागे घेतला नव्हता, मी काढला, कुणालाही न विचारता. ते म्हणाले, "मी विचारायला हवं होतं." मग आम्ही दोघंही गप्प बसलो. त्या वेळी मात्र मी हवा वाचायचा प्रयत्न केला नाही.

काल अहवालावरची शेवटची बैठक झाली. चार वाक्यं जशीच्या तशी परत होती. इंग्रजीतल्या दोन चुकाही मी राहू दिल्या, तुमच्या होत्या. मंत्रालयातून एक गृहस्थ आले होते, सभ्य, तरुण, दोन झेंड्यांची पिन लावलेले. चौदाव्या पानावर त्यांनी, इथे अवघड वाटलं की ओढतात तसा, दातांतून श्वास आत ओढला आणि म्हणाले की मजकूर महत्त्वाचा आहेच, पण तिसरं आणि चौथं वाक्य या टप्प्यावर थोडं अवघड ठरेल, तर स्वरूप जरा सौम्य करता आलं तर. आणि सवयीने सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सौम्य करणारा माणूस मीच ना.

ताई, तुम्हाला माहीत आहे, या ऑफिसात साधी पेन्सिलीची पेटी मागवायची तरी अर्ज पाच टेबलांवर फिरतो आणि प्रत्येकजण आपल्या नावाचा छोटा शिक्का मारतो. जे लिहिलं जातं त्यावर शिक्के असतात. जे काढलं जातं त्यावर कुणाचाच नसतो. मी म्हटलं, मागच्या वेळी हा परिच्छेद मी काढला होता आणि त्यावर माझा शिक्का नव्हता, ही माझी चूक. या वेळी ज्यांना काढावासा वाटतो त्यांनी जरूर काढावा. मी समासात एक चौकोन आखला आहे. त्यात शिक्का मारावा, म्हणजे ज्यांनी लिहिलं त्यांच्या घरी मला एक प्रत नेऊन देता येईल.

जपानीत क्रियापदं चुकली असावीत. प्रत मी टेबलाच्या मध्यभागी सरकवली. मंत्रालयाच्या गृहस्थांनी चौकोनाकडे बघितलं. त्यांच्या कोटाच्या खिशात शिक्क्याची डबी होती, ती बाहेरून दिसत होती. कुणीतरी पाण्याचा ग्लास उचलून परत ठेवला. मोरिता-साननी चष्मा काढला, पुसला, लावला. मी कशाचाही अर्थ लावला नाही, नुसता बसून राहिलो.

चौकोन रिकामाच राहिला. मग मोरिता-सान म्हणाले, "पुढचं पान."